मिसरी सुटते कधी, परत लागते कधी: आष्टी तालुक्यातल्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

प्रकल्पाचा प्रश्न आज पक्का केला. मिसरी, म्हणजे दाताला लावायची भाजलेली तंबाखू, लावणारी बाई वर्षभरात ती किती वेळा सोडते, किती वेळा परत धरते आणि हे सोडणं-धरणं कशाच्या आगेमागे घडतं? बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातली चार गावं, अठरा वर्षांवरच्या मिसरी लावणाऱ्या बायका, आणि त्याच बायकांना वर्षभर पुन्हा पुन्हा भेटायचं.

‘त्याच बायकांना’ या शब्दांवर सगळं उभं आहे. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या २००९-१० च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ वर्षांवरच्या बायकांपैकी १८.९ टक्के कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होत्या. २०१६-१७ च्या फेरीत हा आकडा १७ टक्के आला. त्याच काळात पुरुषांचा आकडा ४२.५ वरून ३५.५ वर उतरला. बायकांचा आकडा जेमतेम हलला, असं यावरून म्हणता येतं. पण कोणी सोडली का, हे यावरून कळत नाही. प्रत्येक फेरीत घरं वेगळी, माणसं वेगळी. मधल्या सात वर्षांत म्हाताऱ्या बायका वारल्या असतील आणि नव्या पोरींनी कमी सुरू केली असेल, तरी हाच आकडा येईल. बऱ्याच जणींनी सोडली आणि जवळपास तितक्याच जणींनी नव्याने धरली, तरीही हाच. विहिरीचं पाणी सकाळ-संध्याकाळ एकाच खुणेला दिसलं, म्हणून दिवसभर मोटर चाललीच नाही असं होत नाही.

एकाच माणसाच्या मागे वर्षानुवर्षं राहण्याची ताकद ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या अभ्यासात दिसते. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये सुरुवात केली, ३४,४३९ पुरुष डॉक्टर. त्यांनाच पुढे १९५७, १९६६, १९७१, १९७८, १९९१ आणि २००१ मध्ये पुन्हा विचारलं. म्हणून तर ‘तिशीत सिगारेट सोडली तर सुमारे दहा वर्षांचं आयुष्य वाचतं, साठीत सोडली तरी तीन वर्षांचं’ असं छातीठोकपणे सांगता आलं. आपल्याकडे वर्ष एकच आहे. म्हणून भेटी जवळजवळ ठेवायच्या: सुरुवातीला, मग तीन, सहा आणि बारा महिन्यांनी.

आणखी एक ठरवलं. आपण सारखं जाऊन विचारतो, यानेच बाई बदलते. ते वेगळं काढता यावं म्हणून प्रत्येक गावात चिठ्ठ्या टाकून काही बायका बाजूला ठेवणार. त्यांना फक्त पहिली आणि शेवटची भेट.

१९ जून २०२४

मुलाखत घेणाऱ्या ताईंसाठी पहिलं पान लिहिलं: मोजायचं काय.

मिसरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली आणि चुरून बारीक केलेली तंबाखू. डबीत ठेवतात, बोटाने दाताला, हिरडीला लावतात, थोडा वेळ तोंडात धरतात आणि थुंकतात. सकाळी उठल्या उठल्या, बहुतेकींची शौचाला जाण्याआधी. मग दुपारी भाकरी खाल्ल्यावर, कुणाची रात्री निजताना. सुरुवात बहुधा लहानपणी आईच्या किंवा आजीच्या डबीतून, दात घासायला म्हणून. त्यामुळे ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं की अगदी खरेपणाने ‘नाही’ येतं. तिच्या लेखी ती दात घासते आहे. म्हणून नावानिशी विचारायचं: मिसरी, तपकीर, जर्दा, गुटखा, लाल मंजन. दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून बंदी आहे. घरच्या तव्यापर्यंत तो नियम पोचत नाही.

धूरविरहित तंबाखूचं व्यसन मोजायला फागरस्ट्रॉमची प्रश्नावली वापरतात. तिच्यातला एक महत्त्वाचा प्रश्न असा: उठल्यावर किती वेळात पहिल्यांदा घेता? लवकर घेणारा जास्त अडकलेला, असा हिशेब. मिसरीला तो लागू पडत नाही. इथे सगळ्याच उठल्या उठल्या लावतात, दिवसातून एकदा लावणारीसुद्धा आणि सहा वेळा लावणारीसुद्धा. ज्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच, त्याने काहीच मोजलं जात नाही. आठवड्याला किती पुड्या, हाही अडतो, कारण सासू भाजते आणि डबी घरात एकच. त्याऐवजी तीन प्रश्न घेतले. दिवसातून किती वेळा? आजारी असताना, तोंड आलेलं असतानाही लावता का? आणि डबी रिकामी असली तर काय करता? तिसऱ्या प्रश्नातून सगळ्यात जास्त कळेल असं मला वाटतं. शेजारणीकडे जाणारी, रात्रीच्या वेळी चूल पेटवून भाजायला बसणारी आणि ‘राहू दे उद्या’ म्हणणारी, या तीन वेगळ्या बायका आहेत.

४ जुलै २०२४

आज चाचणी मुलाखती झाल्या, अभ्यासाबाहेरच्या गावात. मधल्या काळात किती दिवस लावली नाही, हे विचारणं सगळ्यात अवघड. ‘गेल्या तीन महिन्यांत किती दिवस बंद होती?’ याला उत्तर येतं, पण ते अंदाजाने फेकलेलं. ‘असंल म्हैनाभर.’ पुढच्या वाक्यात तीच बाई सांगते की भावाच्या लग्नात परत लावली होती.

यावर जुना, पारखलेला मार्ग आहे. दारूचं पिणं मोजण्यासाठी लिंडा आणि मार्क सोबेल यांनी पद्धत बसवली, टाइमलाइन फॉलोबॅक. माणसासमोर कॅलेंडर ठेवायचं, त्यावर आधी त्याच्या आयुष्यातल्या ठळक गोष्टी मांडायच्या आणि त्यांच्या आधाराने मागे मागे जात एकेक दिवस भरायचा. आठवणीला धरायला खुंट्या मिळतात.

इथल्या खुंट्या इंग्रजी महिन्यांच्या नाहीत. म्हणून कॅलेंडर आपलं बनवलं: पेरणी, आषाढी, नागपंचमी, पोळा, महालक्ष्म्या, पितरं, घट, दसरा, ऊसतोडीची टोळी निघाली, दिवाळी, संक्रांत, होळी, पाडवा, टोळी आली, गावची जत्रा, लगीनसराई. खाली तिच्या स्वतःच्या गोष्टींसाठी एक ओळ: माहेरी गेले, दुखणं, मयत, बाळंतपण, दात काढला.

लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी स्वतः भरावं म्हणून चिंचोके घेतले. लावलेल्या दिवसावर चिंचोका ठेवायचा, न लावलेला दिवस रिकामा. मग ताई टॅबवर उतरवून घेणार. एका मावशीने सगळं मांडून झाल्यावर मधलेच दोन चिंचोके स्वतःच उचलले.

‘का हो मावशी?’

‘माहेरी होते ना तवा. वैनी शिकलेली हाय, तिच्यासमोर न्हाय लावत म्या.’

हे दोन दिवस कुठल्याही ‘किती दिवस’च्या प्रश्नातून हाती लागले नसते. आणि कोणासमोर लावत नाही, हा नवा प्रश्नही तिनेच दिला. तो प्रश्नावलीत घेतला.

१२ जुलै २०२४

नीतिशास्त्र समितीची मंजुरी आली. कॅलेंडरं छापून आली, कागद जाड आहे, बरं झालं. टॅब चार, एकाची बॅटरी टिकत नाही.

२६ जुलै २०२४

पहिल्या भेटी सुरू. सगळ्यात मोठी अडचण खासगीपणाची. ओसरीवर मुलाखत घेतली की सासू, जाऊ, शेजारीण जमतात. सुनेने ‘चोरून लावते’ म्हणावं कसं? आणि सासूसमोर ‘आत्याबाईच भाजतात’ हे तरी कसं सांगावं? आता नियम असा: मुलाखत पाणी आणायच्या वेळी, अंगणवाडीत किंवा उपकेंद्राच्या मागच्या खोलीत. घरात घ्यायचीच असेल तर दोन ताई जातील, एक सासूची मुलाखत घेईल, दुसरी सुनेची, वेगवेगळ्या जागी, एकाच वेळी.

गावोगावच्या आशा कार्यकर्त्यांनी, म्हणजे आशाताईंनी, मुलाखती घ्याव्यात, अशी सूचना आली होती. मी ठामपणे नको म्हटलं. आशाताई गावातल्याच, त्यांच्यावर लोकांचा जीव आहे आणि नेमकं म्हणूनच त्यांना ‘अजून लावते’ असं सांगायला बायकांना लाज वाटते. गरोदर बाईला तर जास्तच. आशाताईंचं काम सोडायला मदत करण्याचं, ते त्यांनीच करावं. मोजणारं माणूस मात्र वेगळं हवं.

गरोदर बायकांची नोंद वेगळ्या रंगाच्या कागदावर करतो आहोत. मुंबईतल्या १,२१७ बायकांच्या अभ्यासात, तो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं होतं. त्या बायकांमध्ये बहुतेक मिसरीवाल्याच होत्या. इथे पहिल्याच आठवड्यात एका सातव्या महिन्यातल्या बाईने सांगितलं की उलट्या होत होत्या तेव्हा मिसरी आपसूक सुटली, आणि उलट्या थांबल्यावर परत सुरू झाली. बाळाच्या वजनाचं ऐकून तिने तिथेच विचारलं, ‘आता सोडली तर चालंल का? उशीर तर न्हाय झाला?’ ताईंनी मुलाखत थांबवून आधी तिला उत्तर दिलं आणि आशाताईंशी गाठ घालून दिली. मोजमाप आपल्या जागी, पण असं कोणी विचारलं तर मुलाखत बाजूला ठेवायची, हे सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

९ ऑगस्ट २०२४

शब्दांची खातरी कशाने करायची, यावर आज दिवस गेला.

श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं यंत्र आपल्या उपयोगाचं नाही. ते धूर ओळखतं, मिसरीत धूर कुठला? मग लाळेतलं कोटिनिन. निकोटीन शरीरात साधारण दोन तासांत निम्मं होतं, पण त्यापासून तयार होणाऱ्या कोटिनिनला निम्मं व्हायला सोळा-सतरा तास लागतात. म्हणजे लाळ तीन-चार दिवसांपूर्वीपर्यंतचं सांगते, त्यापलीकडचं नाही. गरोदरपणात ते आणखी लवकर निघून जातं, तिथे खिडकी अजून अरुंद.

तीन महिन्यांचं कॅलेंडर आणि तीन दिवसांची लाळ. काहींना हे विजोड वाटलं. मला वाटतं, यातच उपयोग आहे. कॅलेंडरच्या शेवटच्या तीन घरांची पडताळणी लाळेने होते. ज्या बाईची ती तीन घरं लाळेशी जुळतात, तिच्या आधीच्या घरांवरही जास्त विश्वास ठेवता येतो. गावागावाप्रमाणे, मुलाखत कुठे झाली त्याप्रमाणे हे जुळणं किती, ते पाहू. लाळेचं काम बाईला खोटं पाडण्याचं नाही. आपली मुलाखत कुठे कच्ची पडते, ते लाळेवरून कळावं.

नमुन्याआधी चूळ भरायला लावायची. घरात बिडी ओढणारं कोणी आहे का आणि आज तिने स्वतः मिसरी भाजली का, हे दोन्ही लिहायचं. न लावणारी सून सासूसाठी तव्याजवळ बसून भाजते, तो धूर तिच्या नाकात जातोच.

३० ऑगस्ट २०२४

पहिल्या भेटी संपल्या.

आता बदलाच्या टप्प्यांबद्दल. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी १९८३ मध्ये सिगारेट सोडणाऱ्यांवरून बदलाचे टप्पे मांडले: विचारच नाही, विचार आहे, तयारी (हा टप्पा पुढे जोडला गेला), कृती, टिकवणं. त्यात सहा महिन्यांची फूटपट्टी आहे. येत्या सहा महिन्यांत सोडायचा विचार असेल तर दुसरा टप्पा, सोडून सहा महिने झाले की टिकवण्याचा. कोणाशी काय बोलावं हे ठरवायला टप्पे फार उपयोगी आहेत, समुपदेशनात मी ते आवडीने वापरते. मोजमापासाठी मला ते पुरेसे वाटत नाहीत. इथल्या बाईला ‘येत्या सहा महिन्यांत’ विचारलं की तिच्या डोळ्यापुढे ऊसतोडीचा फड उभा राहतो. ‘फडातून आल्यावर बघू’ असं सांगणारी बाई कुठल्या टप्प्यात? तिचा विचार पक्का आहे, तारीखही आहे, फक्त ती सहा महिन्यांच्या पलीकडे आहे. म्हणून टप्पा लिहायचा, पण तिने स्वतः सांगितलेली वेळ शब्दशः वेगळ्या रकान्यात घ्यायची.

१४ ऑक्टोबर २०२४

दसरा झाला. कर्नाटकाकडे ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्या निघू लागल्या. उचल (आगाऊ मजुरी) घेऊन झाली आहे, टोळी नेणाऱ्या मुकादमाचे फोन सुरू आहेत. तीन महिन्यांची भेट आता दिवाळी आणि निवडणुकीच्या मध्ये कुठेतरी बसवायची आहे, सहा महिन्यांची भेट तर ऐन हंगामात येते. तेव्हा गावात राहतात त्या म्हाताऱ्या, लहान पोरं आणि घर राखणारे.

गैरहजर माणसाचं काय करायचं, याचा संकेत आहे. रॉबर्ट वेस्ट आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये धूम्रपान सोडण्याच्या प्रयोगांसाठी रसेल मानक मांडलं. सहा किंवा बारा महिन्यांचा काळ, पाचपेक्षा जास्त सिगारेटी नाहीत, शरीरातल्या खुणेची पडताळणी, आणि जो पाठपुराव्यात सापडला नाही तो ओढतोच आहे असं धरायचं. नियम कडक आहे आणि त्याला कारण आहे. जे परत ओढायला लागतात ते सहसा तोंड चुकवतात.

पण ऊसतोडीला गेलेली बाई तोंड चुकवत नाही. ती कामावर गेली आहे. तिला ‘लावतेच’ धरलं तर सगळ्यात गरीब घरातल्या बायकांवर आपण न पाहताच शिक्का मारला. तिला सोडूनच दिलं तर उरलेला आकडा गावात राहू शकणाऱ्या, जरा बऱ्या घरच्यांचा होतो आणि तो नक्कीच गोड दिसेल. दोन्ही मला मान्य नाही. तिचा पत्ता आपल्याला माहीत आहे: कारखाना, मुकादमाचं नाव, टोळी. मग तिथे जायचं. खर्चाच्या अंदाजपत्रकात हा प्रवास नाही, तो बसवून घेण्याचा अर्ज आज पाठवला.

२३ नोव्हेंबर २०२४

मतदान २० तारखेला झालं. आमच्या चार गावांतल्या बऱ्याच टोळ्या त्यासाठी थांबल्या होत्या, ते पथ्यावर पडलं. बहुतेक भेटी झाल्या.

कॅलेंडरं टेबलावर पसरली तेव्हा पहिल्यांदा आकार दिसला. सोडण्याचा प्रयत्न केलेल्यांच्या कागदावर रिकाम्या घरांची ओळ पहिल्या एक-दोन आठवड्यांत तुटते. ज्यांची त्यापुढे जाते, त्यांची बऱ्यापैकी लांब जाते. हंट, बार्नेट आणि ब्रँच यांनी १९७१ मध्ये सिगारेट, दारू आणि हेरॉइन सोडणाऱ्यांच्या घसरणीच्या रेषा शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. तिन्ही सारख्याच दिसतात, घसरण पहिल्या तीन महिन्यांतच सगळ्यात तीव्र. आपली भेट तीन महिन्यांनी आहे, म्हणजे सगळं घडून गेल्यावर. पुढच्या वेळी पहिल्या महिन्यात आठवड्याला एक छोटा फोन हवा. फोन बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात असतो, त्यावरही विचार करावा लागेल.

१६ जानेवारी २०२५

कोप्यांवर, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्या बायका राहतात त्या झोपड्यांवर, जाऊन आलो. जिल्हा आणि कारखाना लिहीत नाही, तो बायकांना दिलेला शब्द आहे.

इथला दिवस गावातल्या दिवसासारखा नाही. बाई पहाटे तीनला उठते, तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करते, उजाडायच्या आत फडात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता. तो तोडतो, ती साळते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढवते. ट्रॉली रात्री आली तर रात्रीच भरायची. शौचाला उजेड व्हायच्या आतच जाऊन यावं लागतं. ‘मिसरी लावल्याबिगर व्हत न्हाय’ हे वाक्य गावात ऐकताना सवयीचं वाटत होतं, इथे त्याला घड्याळ लागलं आहे. वेळ चुकली तर दिवसभर पोट धरून मोळ्या उचलायच्या. आणि निकोटीनने भूक मरते, हे कोणी शिकवावं लागत नाही. दुपारची भाकरी चार वाजेपर्यंत लांबते.

एक बाई घटापासून सोडून होती, दिवाळीतही रिकामी घरं. कोपीवर आल्याच्या दुसऱ्या पहाटेला चिंचोका. शेजारच्या कोपीत भाजली होती, बोट पुढे केलं. दुसरीचं बरोबर उलटं. गावात सासू रोज भाजते, डबी चुलीपाशी, हात आपोआप जातो. इथे तिच्या कोपीत कोणीच भाजत नाही, विकत आणायला बाजार लांब. पहिले चार दिवस डोकं दुखलं आणि मग सुटली. तिने सोडायचं ठरवलंही नव्हतं. पहिल्या भेटीत तिचा टप्पा होता ‘विचारच नाही’.

या दोघींना मी सारखी शेजारी ठेवून बघते आहे. जागा बदलली की सवयीच्या खुणा बदलतात. एकीच्या नव्या जागेत नवी खूण उभी होती, दुसरीच्या जागेतून जुनी खूण गेली. माणसाचा निश्चय मोजायचे प्रश्न आपल्याकडे भरपूर आहेत, घरात डबी कुठे ठेवलेली असते हा एकच. तिसऱ्या भेटीपासून प्रत्येक मुक्कामासाठी नोंद: भाजतं कोण, डबी कुठे, किती हाताच्या अंतरावर, शेजारी कोण लावतं.

५ फेब्रुवारी २०२५

लाळेचे निकाल आले. बहुतेक जुळतात. अंगणवाडीत झालेल्या मुलाखती जास्त जुळतात, घरातल्या कमी. खासगीपणाचा नियम आणखी कडक करायचा.

न जुळणाऱ्यांपैकी काही जणींकडे ताई परत गेल्या. चौकशीसाठी नाही, नुसतं विचारायला. बहुतेक ठिकाणी तपकीर निघाली. मिसरी खरंच सोडली होती, दाताला तपकीर लावत होत्या, कारण ‘ती भाजावी लागत न्हाय, काळं व्हत न्हाय’. बाईच्या दृष्टीने तिने खरं तेच सांगितलं होतं. कोटिनिनला मात्र दोन्ही सारख्याच. यापुढे चिंचोक्यासोबत ज्वारीचा दाणा: मिसरीला चिंचोका, तपकिरीला दाणा.

१८ मार्च २०२५

यंदा गाळप लवकर आटोपलं, टोळ्या होळीच्या आतच परतल्या. पाडव्यापर्यंत सगळ्या गावात असतील.

आरोग्य केंद्रात प्रशिक्षण होतं. कोणीतरी फळ्यावर लिहिलं होतं, ‘२१ दिवसांत सवय’. यावर बोलले, कारण या आकड्याने बायकांचं नुकसान होतं. बाविसाव्या दिवशी तलफ आली की ती समजते, आपल्यातच काही कमी आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१० च्या अंकात आला. ९६ जण, १२ आठवडे, प्रत्येकाने एक नवी चांगली सवय निवडली आणि ती किती आपोआप होते ते रोज नोंदवलं. सवय मुरायला लागलेल्या दिवसांचा मध्य ६६ निघाला, टोकं १८ आणि २५४. अभ्यास ८४ दिवसांचाच होता, म्हणजे २५४ हा रेषा पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे. आणि ज्यांची रेषा नीट बसली असे ३९च. शिवाय हे नवी सवय लागण्याबद्दल आहे, निकोटीनची जुनी सवय सुटण्याबद्दल नाही. त्यामुळे ६६ हा आकडाही फळ्यावर लिहू नये, असं मी सांगितलं. त्यातली एक गोष्ट मात्र आशाताईंनी जरूर सांगावी: एखादा दिवस हुकल्याने सवयीच्या मुरण्यावर फारसा परिणाम झाला नाही.

आपल्याकडच्या कॅलेंडरांत तेच शोधायचं आहे. एका दिवसाचा चिंचोका आणि मग परत रिकामी ओळ, असे कागद किती? मला ते वाटलं होतं त्यापेक्षा जास्त दिसतात.

३१ मे २०२५

तंबाखूविरोधी दिन. सकाळपासून वेगवेगळ्या ठिकाणांहून एकच विचारणा: किती बायकांनी सोडली? एक आकडा द्या.

एक आकडा देणार नाही, तीन देईन, असं कळवलं आणि प्रत्येकाचा अर्थ मराठीत सोबत लिहिला. पहिला: वर्षात निदान एकदा, ठरवून, पूर्ण एक दिवस तरी लावली नाही, अशा किती. दुसरा: भेटीच्या आधीच्या सात दिवसांत लावली नाही, अशा किती. तिसरा: सोडल्याच्या तारखेपासून आजपर्यंत एकदाही लावली नाही, अशा किती. पहिला सगळ्यात मोठा, तिसरा सगळ्यात लहान, आणि तिन्ही खरे आहेत. पहिला आकडा बघून ‘बायकांना सोडायचीच नाही’ असं म्हणणारे गप्प व्हावेत. तिसरा बघून ‘शिबिर घेतलं की काम झालं’ असं म्हणणारे. मला पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यामधल्या बायकांची काळजी आहे. दोन वेळच्या सर्वेक्षणात त्या कुठेच दिसत नाहीत, त्यांच्यापुढे नुसतं ‘लावते’ लिहिलं जातं.

३० जुलै २०२५

बाराव्या महिन्याच्या भेटी झाल्या. विश्लेषण सुरू.

पहिल्यांदा नेहमीची टिकून राहण्याची रेषा काढली, कॅप्लान आणि मायर यांची. ती एकदा घसरलेल्याला घसरलेलाच मानते, गणितातून तो बाहेर. आपल्या बायका घसरतात आणि परत उठतात. म्हणून आता प्रत्येक आठवड्याला तीनपैकी एक अवस्था दिली आहे: मिसरी, फक्त तपकीर, काहीच नाही. एका अवस्थेतून दुसरीत जाण्याचं प्रमाण ऋतूप्रमाणे काढतो आहोत: पेरणी, सण, फड, लगीनसराई.

घाईने काही म्हणत नाही, पण दिसतंय ते असं. ‘काहीच नाही’मधून ‘मिसरी’कडे जाणं फडाच्या पहिल्या पंधरवड्यात वाढतं आणि नंतर सावरतं. सणावाराला घसरलेल्या बायका काही दिवसांत परततात, फडात घसरलेल्या गावी आल्यावरच. दुसरा प्रयत्न बहुतेकींचा पहिल्यापेक्षा लांब टिकला. गरोदरपणात सुटलेली मिसरी बाळ पाच-सहा महिन्यांचं होईपर्यंत ज्या घरात परत आली, त्या घरात डबी कधी हललीच नव्हती.

चिठ्ठ्या टाकून बाजूला ठेवलेल्या बायकांशीही तुलना केली. आम्ही चार वेळा गेलो त्या बायकांनी सोडायचे प्रयत्न जास्त केले. वर्षाच्या शेवटी सलग सोडलेल्यांमध्ये मात्र दोन्हींकडे फारसा फरक नाही. म्हणजे विचारण्याने सुरुवात होते, टिकायला दुसरं काही लागतं. चौघींनी स्वतःचं कॅलेंडर मागून घेतलं, घरी लावायला. दिलं. अहवालात त्यांची नोंद वेगळी ठेवली आहे, कारण भिंतीवरचं कॅलेंडर हा आता उपाय झाला, मोजमाप राहिलं नाही.

पुढच्या फेरीसाठी ठरलेलं: टोळी निघायच्या आधी, महालक्ष्म्या झाल्या की सप्टेंबरात एक भेट जास्त. सोडण्याची तारीख ठरवायला मदत करताना आशाताईंनी फडाची तारीख आधी विचारायची. कोप्यांवर पहाटेच्या पाण्याची आणि शौचाची काय सोय आहे, याची स्वतंत्र नोंद, आणि ती आरोग्य विभागासोबत कारखान्याकडेही पाठवायची. बारा-तेरा वर्षांच्या पोरी आईच्या डबीतून लावायला लागल्या आहेत का, यासाठी नवी प्रश्नावली. पालकांची आणि मुलींची संमती वेगवेगळी घ्यावी लागेल, समितीकडे अर्ज या आठवड्यात जातो आहे.